देवरामचा पाय

किन्हवलीच्या भातगिरणीतून तांदूळ भरून ट्रक निघाला, की देवराम निचिते सरळगावच्या पंपावर एकदा थांबायचा. टाकी गळ्यापर्यंत भरून घ्यायचा. त्यानंतर माळशेजचा घाट चढून ओतूरचा बाजार येईपर्यंत त्याचा पाय ब्रेकवर जायचा तो म्हशी आडव्या आल्या तरच. टोकावड्याचे धाबेवाले लांबूनच हात करायचे. हा हॉर्न एकदा दाबून पुढं.

एका धाबेवाल्यानं परतीच्या फेरीत त्याला धरलंच. “आमच्या चायचा वास येतो का रे तुला? दुसरे डायवर घोट मारल्याबिगर जात नाय.”

“परतीला पितो ना.”

“जाताना काय सासू बसलेली असते गाडीत?”

“चढाच्या आधी उतरला का मानूस सैल पडतो,” देवराम म्हणाला. “मंग गाडीबी सैल पडते. वर पोचलो का दोन कप पाज.”

“वर काय मी तुज्या मागं किटली घेऊन धावू?”

देवराम हसला, बशीतला उरलेला चहा ओढला आणि निघाला. हा त्याचा हट्ट होता, आणि या हट्टापायीच त्याची सीट जायची वेळ आली.

तो किन्हवलीजवळच्या एका पाड्यातला. घरची भातशेती होती, पण भावाभावांत वाटली गेल्यावर वाट्याला आलं ते खळ्याएवढं. तेव्हा तरणेपणीच तो लाकडं वाहणाऱ्या गाडीवर क्लीनर म्हणून चढला. टायर खोलणं, काच पुसणं, चढावर गाडी थांबली की उडी मारून मागच्या चाकाला दगड लावणं, हे करता करता इंजिन त्याच्या कानात जाऊन बसलं. कितवा गिअर टाकलास म्हणून विचारलं तर त्याला पटकन सांगता यायचं नाही. ‘मागत व्हती ती, म्हनून दिला,’ एवढंच सांगायचा.

नथू विशेनं नव्वद साली जुना ट्रक विकत घेतला आणि पहिल्या दिवसापासून सीटवर देवरामला बसवलं. नथू स्वतः शेजारी बसायचा, तोंडात तंबाखू, मांडीवर ताल. सात वर्षं दोघं असे फिरले. मग एका पावसाळ्यात नथूला कावीळ झाली, झाडपाल्यावर दिवस गेले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला.

बाराव्याला जमलेल्या भावकीनं धोंडीबाईला एकच सांगितलं: गाडी विका. बाईमाणसाचं हे काम नव्हे. धोंडीबाई, नथूची बायको, पदर डोक्यावर ओढून ऐकत राहिली. सगळे उठून गेल्यावर तिनं अंगणात उभ्या असलेल्या देवरामला हाक मारली.

“देवरामभाऊ, तुमी चालवाल का?”

“चालवीन, वयनी.”

“मंग मी इकत नाय.”

तिला ट्रक हाकता येत नव्हता, पण ट्रकवाल्यांना हाकता येत होतं. गिरणीवाल्याशी भाडं तीच ठरवायची, टायरवाल्याशी तीच भांडायची. दोन-तीन वर्षांत भावकीतलेच लोक तिच्याकडे आपला माल न्यायला सांगायला येऊ लागले. काम वाढलं तसा तिनं आपल्या भावाचा मुलगा दीपेश याला दुसरा ड्रायव्हर म्हणून ठेवला. पंचविशीतला, गोरागोमटा, हसतमुख, गाडीत टेप लावणारा. एक फेरी देवरामची, एक फेरी दीपेशची.

दोन हजार एकच्या पावसाळ्यात टोकावड्याच्या एका धाब्यावर दीपेश जेवायला बसलेला असताना टाकीत नळी घालून कुणीतरी डिझेल ओढून नेलं. धोंडीबाईनं दीपेशला दोन दिवस जेवायला वाढलं, पण त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती मुरबाडच्या बाजारात लोहाराकडे गेली आणि टाकीला जाड लोखंडी झाकण करून आणलं. त्याला कडी, कडीला कुलूप. घाटातला पाऊस आत जाऊ नये म्हणून सायकलच्या ट्यूबची गोल चकती कापून तिनं ती झाकणाच्या आतून स्वतःच्या हातानं चिकटवली. बोटानं दाबून दाबून बघितलं. पाण्याचा थेंब आत जाणार नाही असं झाकण बसलं.

वर एक नियमही केला. गाडी कुठंही थांबली, की निघायच्या आधी कुलूप काढून टाकीत बांबूची कामटी बुडवायची. कामटीवर खाचा होत्या. डिझेल कुठल्या खाचेपर्यंत भिजलं ते बघायचं आणि मगच गाडी हलवायची. एक किल्ली ड्रायव्हरकडे, एक तिच्या कमरेला.

“चोरी झाली तर तितंच कलली पायजे,” ती म्हणायची. “घरी येऊन रडून काय उपेग?”

पावसात तांदळाचं काम थोडं असतं. देवराम लावणीला, मग निंदणीला घरी राहिला, फेऱ्या दीपेशनं मारल्या. दिवाळीनंतर नवं भात गिरणीत आलं आणि देवराम पुन्हा सीटवर बसला.

त्याच्या पहिल्याच भरलेल्या फेरीला ट्रकनं घाटाच्या पायथ्याशी दम टाकला.

आधी गाडी जरा कुरकुरली. मग पाय दाबला तरी उठेना. वैशाखरे सोडून रस्ता वर चढायला लागला तशी ती म्हाताऱ्या बैलासारखी मान खाली घालून चालू लागली. मागं एसटी येऊन हॉर्न मारत राहिली. कशीबशी वळणं काढून देवराम वर पोचला. परतीला कांदा भरून येताना मात्र गाडीला काहीही झालं नव्हतं.

पुढची फेरी दीपेशची. गाडी वाऱ्यासारखी गेली. त्याच्या पुढची देवरामची: पुन्हा तेच. मधे एकदा टाकी अर्धीच भरली होती, तेव्हा देवरामलाही काही झालं नाही आणि त्याला वाटलं, गेलं दुखणं. पण पुढच्या खेपेला टाकी पुरी भरून निघाला तर टोकावडं ओलांडल्या ओलांडल्या गाडीनं परत मान टाकली. दीपेशच्या हाताखाली ती एकदाही अडली नाही.

गावाला एवढं पुरलं. गिरणीच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांनी निदान करून टाकलं. देवरामचा पाय जड झाला. कुणी म्हणालं, डोळे गेले. कुणी म्हणालं, कान गेले, गाडी काय मागते ते ऐकायलाच येत नाही.

“देवरामकाका, टेप लावा,” दीपेश म्हणाला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. “गाडीला गाना लागतो आजकाल.”

“तुजी गाडी नाचते, माजी चालते,” देवराम म्हणाला. पण आवाजात नेहमीचा कस नव्हता.

धोंडीबाईनं फार दिवस थांबून शेवटी त्याला ओट्यावर बोलावलं. चहा दिला. कप रिकामा झाल्यावर म्हणाली,

“भाऊ, पौषात म्हसाची जत्रा हाय, तवापासून सगल्या फेऱ्या दीपेशला देते. तुमी गिरनीवर मालाचा भरना बघा. पगाराला हात लावनार नाय मी.”

देवरामनं कप खाली ठेवला. पगाराचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. पाय जड झाला असेल तर सीट सोडायला हवी, हे त्यालाही मान्य होतं. भरलेला ट्रक, एका बाजूला दरी. पण झालाय का जड? हे त्याला कुणी सांगत नव्हतं, आणि त्याचं त्यालाही ठरवता येत नव्हतं.

“एक डाव नरेंद्रला दाखवू,” तो म्हणाला. “मंग तुमी म्हनाल तसा.”

नरेंद्र रोकडे भिवंडीला इंजिनाचे डिझेल पंप दुरुस्त करायच्या कामावर काही वर्षं काढून गावाकडे परतला होता. शहापूरला हायवेच्या कडेला त्याची पत्र्याची शेड होती. अंगावर ग्रीसचे डाग, पण अवजारं धुतलेल्या भांड्यांसारखी लख्ख लावलेली. धोंडीबाई स्वतः गाडीबरोबर आली. शेडमधे गाडी लागताच तिनं आधी कुलूप काढलं, कामटी बुडवली, बघितली आणि मग म्हणाली, “हां, आता लाव हात.”

“मावशी, मी डिझेल पितो का?” नरेंद्र म्हणाला.

“तू नाय पीत. पन तुज्या शेडीत येनारे-जानारे काय कमी हायेत?”

फिल्टरमधून डिझेल पंपाकडे जाते त्या नळीला नरेंद्रनं जोड दिला आणि तिथं प्रेशरचं मीटर लावलं. डिझेल जोरानं पुढं जातंय की नाही ते त्या काट्यावरून कळायचं. इंजिन चालू केलं. काटा दीडवर जाऊन उभा राहिला. रेस केली तरी जागचा हलेना.

“हा तर धडधाकट हाय,” नरेंद्र म्हणाला.

तरी तो थांबला नाही. दोन्ही फिल्टर बदलले. टाकीच्या तळाची जाळी काढून धुतली. एक नळी काढून तिथं पारदर्शक प्लास्टिकची लावली आणि वाकून बघत बसला, कुठून हवा शिरत असेल तर बुडबुडे दिसतील म्हणून. एकही नाही. टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप खोलला, त्याची स्प्रिंग, व्हॉल्व्ह नवे घातले. मीटरवरच शंका आली, तेव्हा दुसरं मीटर लावून बघितलं. तेही दीड.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवराम आणि नरेंद्र गाडी घेऊन कसाऱ्यापर्यंत चढावर जाऊन आले. निघताना धोंडीबाईनं अर्थातच कामटी टाकली. रात्रभर गाडी शेडमधे होती ना! देवरामनं गाडी ओढली, रेटली, वरच्या गिअरमधे मुद्दाम दमवली. काटा मधे एकदा थरथरला आणि पुन्हा सरळ.

शेडमधे परत आल्यावर नरेंद्र हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला.

“काका, राग नका मानू. गाडीत मना काय सापडत नाय. तुमी... पाय पुरा दाबता ना?”

देवरामनं त्याच्याकडे बघितलं. मग आपल्या चपलेकडे बघितलं. “दाबतो रे बाबा,” म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

त्या दिवशी घरी आल्यावर तो ओट्यावर बसला आणि समोरच्या खांबाला उजवा पाय लावून दाबू लागला. आत-बाहेर करताना त्याची बायको देवकी ते बघत होती.

“खांब पाडायचा हाय का?”

“जोर हाय का बघतो.”

“जोर बघायचा तर शेतावर चला. वाल पेरायचा रायलाय.”

“चेष्टा नको गो. नरेंद्रपन बोलला आज.”

देवकी सुपातला वाल निवडत बसली. हा माणूस जेवताना भाताला हात लावत नव्हता, तिला दिसत होतं. जरा वेळानं तिनं विचारलं, “कुठं नेलती गाडी बघायला?”

“कसाऱ्याला.”

“आनि मरते कुठं?”

“माळशेजला.”

“दुखतो पाय, नि तुमी पट्टी बांधता हाताला.” तिनं सूप खाली ठेवलं. “मरते तितं न्या ना. भरून न्या, तुमी नेता तशीच न्या. त्या नरेंदरला मीटर मांडीवर देऊन शेजारी बसवा. वयनीला पन बसवा. घरी बसून कोनाचा पाय कसा त्यांना काय कलनार?”

देवराम उठला आणि भरल्या ताटावर बसला. जेवून तसाच धोंडीबाईकडे गेला.

जत्रेला आठवडा राहिला असताना ती फेरी निघाली. देवराम स्टिअरिंगवर. शेजारी नरेंद्र, मांडीवर मीटर. लांब नळी इंजिनापासून केबिनमधे आणून त्याला जोडलेली. खिडकीशी धोंडीबाई, नवं लुगडं नेसून, कारण आपल्याच गाडीत बसून ती पहिल्यांदाच माळशेजला चालली होती. केबिनमधेच सीटमागच्या फळीवर दीपेश आडवा.

सरळगावला टाकी गळ्यापर्यंत भरली. धोंडीबाई उतरली, कामटी भिजवून बघितली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली.

“चला.”

काटा दीडवर. उन्हं कोवळी होती, शेतात वालाची पानं वर आली होती, गाडी गुरगुरत चालली होती. धोंडीबाई बाहेर बघून प्रत्येक गावातल्या नातेवाइकांची चौकशी स्वतःशीच करत होती. टोकावड्याच्या धाब्यांशी दीपेश उठून बसला.

“काका, चाय?”

“परतीला.”

“आत्या, बघ ना गो. घसा सुकला.”

“तुजा घसा सदाचा सुका,” धोंडीबाई म्हणाली. “ते नेतात तशी नेऊ दे.”

धाबे मागं पडले आणि थोड्याच वेळात काटा थरथरला. नरेंद्रनं मीटर वर उचललं, डोळ्याशी धरलं. काटा एकावर आला. परत वर गेला. परत खाली, आणि या वेळी तिथंच राहिला. गाडीचा आवाज पातळ झाला.

“आली,” देवराम म्हणाला. “ऐका. आता ती मागते नि तिला मिळत नाय.”

“पाय दाबा ना, भाऊ!”

“वयनी, खाली बघा.”

धोंडीबाईनं वाकून बघितलं. देवरामचा पाय पत्र्याला टेकला होता. त्याच्या पोटरीची शीर ताठ झाली होती. तिनं मान वर केली आणि काट्याकडे बघितलं.

वैशाखऱ्यापुढं, घाट सुरू होण्याआधी, देवरामनं गाडी कडेला घेतली. “दीपेश, तू बस. बगू दे सगल्यांना.”

दीपेश पुढं आला. पण गाडी थांबली म्हणजे नियम आला. धोंडीबाई उतरली, कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं. झाकण घट्ट बसलं होतं, तिनं दोन्ही हातांनी हिसका दिला. कामटी टाकून बघितली, झाकण लावलं, वर येऊन बसली.

दीपेशनं इंजिन चालू केलं. काटा दीडवर सरळ उभा. गाडी पहिल्या वळणाला भिडली आणि सुसाट वर चढू लागली.

दीपेशला सुद्धा आनंद व्हायला हवा होता तसा झाला नाही. तो आरशात बघत राहिला. देवराम मागच्या फळीवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. आता त्याला विचारायचं काही उरलं नव्हतं. त्याच्या मनात आलं, गिरणीवर भरणा बघायला सकाळी लवकर जावं लागेल, मग देवकीला भाकरी लवकर थापावी लागेल. असलंच काहीतरी.

नरेंद्र मात्र मीटरवरून नजर काढत नव्हता.

एक वळण, दुसरं, तिसरं. घाट अर्ध्याहून जास्त सरला. उजवीकडचा कातळ रस्त्यावर झुकलेला, डावीकडं दरी. नेहमीच्या जागी, जिथं पर्यटकांसाठी कणसं भाजायला बसतात, दीपेशचा पाय सवयीनं ब्रेककडे गेला.

“थांबू नको,” नरेंद्र म्हणाला.

“इतं मी दर वक्ताला...”

“मंग आज नको थांबू.”

पुढच्या वळणावर काटा थरथरला. नरेंद्रनं हात वर केला. काटा एकाच्या खाली आला. गाडीचा आवाज पातळ झाला आणि तिनं मान टाकली.

दीपेशनं पाय दाबला. अजून दाबला. कपाळाला घाम आला.

“काय झाला?” मागून देवराम म्हणाला, आणि किती दिवसांनी त्याच्या आवाजात धार होती. “गाना लाव रे. नाचत नाय का?”

“काका, गाडी उठत नाय!”

“पाय जड झाला असंल तुजा. तरनेपनीच झाला, अरेरे.”

“भाऊ, पोराची मस्करी मंग करा!” धोंडीबाई ओरडली. “कडेला घे रे आधी, मागं एसटी हाय!”

रुंद जागा बघून दीपेशनं गाडी कडेला लावली. देवराम त्याच्या वयाला न शोभेल अशी उडी मारून उतरला आणि त्यानं मागच्या चाकाला दगड लावला. नरेंद्र म्हणाला, इंजिन बंद करू नका. त्याचं डोकं चालू झालं होतं. दीपेशनं चालवली तरी पडली, म्हणजे पायाचा संबंध नाही. मधे उतरलो तेव्हा आपोआप बरी झाली. उतरल्यावर आपण काय केलं? फिल्टरला हात लावला नाही, नळीला लावला नाही.

“मावशी, किल्ली द्या देवरामकाकांना. तुमी हितंच बसा आनि मीटर धरा. काका, झाकन उघडा, पन मी सांगन तवाच.”

धोंडीबाईनं मीटर दोन्ही हातांत बाळाला धरावं तसं धरलं. नरेंद्र खाली टाकीपाशी जाऊन उभा राहिला. देवरामनं कुलूप काढलं.

“हां.”

देवरामनं झाकणाला हिसका दिला. ते निघालं तसा टाकीनं ‘स्स्स’ करून लांब श्वास आत ओढला. पाण्यात बुडी मारलेला माणूस वर येऊन ओढतो तसा. आणि त्याच वेळी केबिनमधून धोंडीबाईची किंकाळी आली.

“उटला! काटा उटला! अरे दीपेश, बघ ना, उबा रायला!”

नरेंद्रनं झाकण देवरामच्या हातातून घेतलं आणि उलटं केलं. आत ट्यूबची काळी चकती, कुठंही फट नाही, भोक नाही.

“टाकीतला डिझेल खाली जातो तशी त्याच्या जागी वरून हवा यावी लागते,” तो म्हणाला. “जुन्या झाकनाला त्यासाठी बारीक भोक असतो. ह्याला नाय. हवा आत येत नाय, आत पोकल होते, फीड पंप ओढतो पन डिझेल येत नाय. टाकी पुरी भरलेली असली का आत हवाच थोडी. मंग लवकर पडते.”

“मंग माज्या हातात कशी नाय पडली येवडे दिवस?” दीपेश खाली उतरून आला होता.

देवराम हसायला लागला. “तू किती वक्ताला थांबतोस रे? टोकावड्याला चाय, पायथ्याला भजी, वर कणीस. दर वक्ताला निघताना झाकन उघडून कामटी टाकतोस. दर वक्ताला तिला श्वास मिळतो. मी थांबत नाय, म्हनून माज्या हातात गुदमरते.”

“आनि शेडीत,” नरेंद्र कपाळावर हात मारून म्हणाला, “मी काय बी खोलायच्या आधी मावशी कामटी टाकत व्हत्या! कसाऱ्याला नेली ती बी रिकामी, अर्ध्या टाकीवर. मी आजाऱ्याला बरा करून मंग नाडी बघत व्हतो. काका, मी तुमच्या पायाला नाव ठेवला.”

“ठेवलास,” देवराम म्हणाला. “परतीला चाय तू पाज.”

धोंडीबाई केबिनमधून उतरली. झाकण हातात घेतलं, आपणच चिकटवलेल्या चकतीवरून बोट फिरवलं. मुरबाडच्या लोहाराला किती वेळा सांगितलं होतं तिनं, जाड कर, घट्ट कर.

“म्हंजे मीच गला दाबला व्हता का तिचा,” ती म्हणाली. “आनि दोष तुमच्या पायाला दिला.”

“पाऊस आत जाऊ नये म्हनून केलात, वयनी.”

“तुमी मना शिव्या द्या ना, भाऊ. असा बोलू नका. असा बोललात का जास्त लागते.”

“शिव्या परतीला देतो. आता माल पोचवायचा हाय.”

नरेंद्रनं चाकूनं चकती काढली, झाकण दगडावर ठेवून खिळ्यानं कडेला ठोकायला घेतलं. जाड लोखंड, खिळा वाकला. शेवटी टाकीच्या तोंडावर फडकं बांधून ओतूरपर्यंत जायचं ठरलं. शेडमधे गेल्यावर बारीक भोक पाडून त्यावर पावसाला आडवी अशी वाकडी नळी लावून देईन, म्हणाला.

धोंडीबाई स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली. “बसा, देवरामभाऊ.”

देवराम पायरीवर एक पाय ठेवून थांबला.

“वयनी, एक बोलतो. माजा पाय कदी तरी जड होनार हाय. कोनाचा होत नाय? पन तो जड झाला हे मी सांगन. तुमी सांगायचा नाय, गिरनीवरच्यांनी तर नायच नाय.”

“आनि तुमी नाय सांगितला तर? लपवलात तर?”

“ज्या गाडीत तुमचा माल, दीपेशसारखा पोर मागं झोपलेला, तितं लपवीन?”

धोंडीबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नवऱ्यानं याच्या शेजारी बसून सात वर्षं तंबाखू खाल्ली होती, आणि एकदाही ‘सावकाश घे’ म्हणाला नव्हता. “बरा,” ती म्हणाली. “तुमी सांगाल तवा.”

म्हसाची जत्रा आली आणि गेली. सीट कुणाचीच बदलली नाही. एक फेरी देवरामची, एक दीपेशची. गिरणीच्या कट्ट्यावरच्यांनी आपलं निदान बदलून, त्यांना आधीपासून झाकणाचीच शंका होती असं सांगायला सुरुवात केली.

पुढं बरीच वर्षं गेली. ट्रकचं इंजिन एकदा पुरतं खोलून झालं, रंग दोनदा झाला, दीपेशचं लग्न होऊन त्याला मुलगी झाली आणि त्याचा टेप बंद पडला, कारण आता त्याला गाडीत झोप हवी असायची. दोन हजार आठच्या दिवाळीनंतर एका सकाळी देवराम धोंडीबाईच्या ओट्यावर येऊन बसला.

“वयनी, झाला.”

“काय झाला?”

“पाय. काल घाट उतरताना समोरून एसटी आली. ब्रेक दाबला, पन जरा उशिरा दाबला. लई नाय, जरासा. कोनाला कलला नाय. मना कलला.”

धोंडीबाईनं त्याला खूप सांगून बघितलं. हा हंगाम काढा म्हणाली. दिवसाउजेडी फेरी करा म्हणाली. कालच्या एसटीवाल्याचीच चूक असेल म्हणून त्याला नाही नाही ते बोलली. देवराम नुसता मान हलवत राहिला. शेवटी तिनं डोळ्याला पदर लावला आणि आत जाऊन चहा टाकला.

आठवड्यानं दीपेश भरलेला ट्रक घेऊन त्याच्या दाराशी आला. “काका, चला वर. नुसते बसा शेजारी.” देवकीनं आतून ओरडून सांगितलं, न्या त्यांना, दिवसभर खांबाला टेकून बसतात, खांब झिजला. देवराम कुरकुर करत चढला आणि खिडकीशी बसला. सरळगाव, टोकावडं, वैशाखरे. दीपेश गाडी चांगली चालवत होता. एका ठिकाणी गिअर टाकायला त्याला जरासा उशीर झाला तेव्हा देवरामचा हात उठला आणि परत मांडीवर आला.

घाटाच्या मधल्या वळणावर डावीकडे दरी उघडली. हिवाळ्यातलं स्वच्छ ऊन. खाली कापलेल्या भाताची पिवळी खाचरं, एकाखाली एक. मधून पाण्याची बारीक रेघ. पार तळाशी कौलांचे ठिपके, त्यांतून निघालेला धूर. देवराम खिडकीतून अर्धा बाहेर वाकला.

“दीपेश, जरा हळू घे रे.”

“काय झाला, काका?”

“काय नाय. येवडी वर्सं हितून गेलो, पन डोळा रस्त्यावरून काढायची सोय नवती. ते खाली कुठला गाव, माहीत हाय का तुला?”

दीपेशला माहीत नव्हतं. मग त्यानं गाडी कडेला घेतली, आणि दोघं खाली उतरून, वाऱ्यात टोप्या धरून, कुठलं घर कुठल्या गावातलं यावर चांगला वेळ भांडत उभे राहिले.